बुक्काची शिल्लक

रविवार, 2 नोव्हेंबर 2025

पहाटे सव्वाचारला बुक्का गेला. आज प्रबोधिनी एकादशी. पंढरपूरची महापूजा टीव्हीवर बघायला आई रात्री दोनपासून जागी होती. तिनंच हाक मारली, "आरं, ह्याचा श्वास बघ कसा व्हतोय." मी उठून जाईपर्यंत झालं होतं.

केळगावला मित्राच्या शेतात नेलं. बांधावरच्या बाभळीखाली दोघांनी खड्डा खणला, तळाला जाडं मीठ टाकलं. आईनं निघताना बुक्क्याची डबी हातात दिली होती, त्याच्या कपाळाला लावायला. काळ्या कपाळावर काळा बुक्का. लावला तो दिसलाच नाही.

2012च्या कार्तिकीनंतर इथंच आळंदीत एका धर्मशाळेच्या मोरीत सापडला होता. यात्रा पांगली होती आणि हा कोळशाच्या ढेकळासारखा ओला होऊन कुंई-कुंई करत बसलेला. नाव आईनंच ठेवलं. तेरा वर्षं.

घरी आलो तर वाटी भरलेलीच. रात्री भिजवून ठेवलेले दाणे फुगून काठापर्यंत आले होते. आमची सुट्टी गुरुवारची. आजची रजा टाकावी लागली. अर्जात कारण 'घरगुती' एवढंच लिहिलं.

मंगळवार, 4 नोव्हेंबर

काल-आज कामावर. संध्याकाळी घरी आल्यावर काही सुचेना म्हणून बाल्कनीतलं त्याचं कपाट उघडलं आणि मोजायला बसलो. चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये तेवीस वर्षं काढली. मोजायला बसलं की हात आपोआप चालतात.

किडनीच्या पथ्याचे कोरडे दाणे, सात किलोची पिशवी, 24 ऑक्टोबरला उघडलेली. काट्यावर भरली 5 किलो 100 ग्रॅम. त्याच पथ्याची ओली पाकिटं सहा, सीलबंद. साधे दाणे, दहा किलोची पिशवी, सीलबंद. ही सप्टेंबरात ऑफर होती म्हणून आणली आणि आठच दिवसांत किडनी गेल्याचं कळलं, म्हणून उघडलीच नाही. प्लास्टिकच्या ड्रममध्ये तळाला किलोभर जुने दाणे. चघळायच्या काड्या, अर्धा पुडा. आरएलच्या सलाईनच्या तीन बाटल्या, गोळ्यांची दीड पट्टी.

ड्रमाचं झाकण काढलं आणि खवट वास आला. त्यात आधीचं तेल भिंतींना धरलेलं, त्यावर नवं ओतत राहिलो, आणि बुक्का तोंड फिरवायचा तर मी त्याला आजारपणाचं म्हणायचो. थोडी चूक ड्रमाचीही असावी. दाणे त्यांच्या मूळ पिशवीतच तोंड घट्ट दुमडून ठेवायचे असतात. पिशवीला आतून थर असतो आणि बॅच नंबर, तारीखही तिच्यावरच असते. कंपनीत ग्रीसचा डबा दुसऱ्या डब्यात ओतणाऱ्या पोराला मी किती बोललो असेन! ड्रममधला माल सकाळी घंटागाडीत, ओल्या कचऱ्यात.

राहिली सात किलोची पिशवी. डॉक्टर म्हणाले होते, दोन किलोचीच घ्या. मोठी पिशवी किलोमागं स्वस्त पडते हे कारण मी घरात सांगितलं. कंपनीत कुणी तीन महिन्यांचा माल एकदम मागवला तर मी सही करत नाही. पण त्या दिवशी दुकानात दोन किलोची पिशवी उचलली असती तर डॉक्टरांचं म्हणणं मान्य केल्यासारखं झालं असतं.

बुधवार, 5 नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. घाटावर दिवे लावायला आईला घेऊन गेलो. इंद्रायणीला आज फेस दिसला नाही, वास होताच.

परतताना आई म्हणाली, "ते दाणं इथंच माश्यांना सोड की. पुण्य लागंल."

मी म्हटलं, नदीत आधीच काय कमी सोडतात? वरच्या अंगाच्या गावांचं आणि कारखान्यांचं सगळं पाणी इथं येतं. पाच किलो मांसाचे दाणे पाण्यात सडले की पाण्यातला प्राणवायूच खातात. मग मासे कसले, त्यांचं खाणं कसलं.

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या टायमाला हे नव्हतं बग. आपल्या ताटात उरलं त्ये कुत्र्याला जायचं. आता कुत्र्याच्या ताटातलं उरलं तर कुनाला घालायचं?"

घरापर्यंत हेच डोक्यात. गोग्रास काढला, काकबळी ठेवला, श्वानाचा घास ठेवला, सगळं आपल्या शिजलेल्यातलं. त्याच्यासाठी वेगळं शिजत नव्हतं, त्यामुळं त्याचं म्हणून काही मागं राहत नव्हतं. साखळी आणि वाटी, बास. बुक्काचं मात्र कपाट होतं.

गुरुवार, 6 नोव्हेंबर

सुट्टी. सकाळी पुण्यातल्या एका प्राण्यांच्या संस्थेला फोन लावला. बाई चांगलं बोलल्या. सीलबंद असेल तर आनंदानं घेऊ, उघडलेलं घेत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, तेराच दिवसांपूर्वी उघडलंय, घरात नीट ठेवलंय. त्या म्हणाल्या, दादा, प्रत्येक जण हेच सांगतो.

फोन ठेवल्यावर राग आला. मग आठवलं, गेल्याच महिन्यात एका पुरवठादाराची सील तुटलेली पेटी मी गेटवरून परत पाठवली होती आणि तोही 'साहेब, आतला माल चांगलाय' असंच म्हणत होता. शंभर आजारी जनावरं एका छताखाली असतात. कुणाच्या घरच्या पिशवीत ओल शिरली, बुरशी धरली, उंदीर तोंड लावून गेला, तर कोण बघणार? बाईंचं बरोबर होतं.

संध्याकाळी दिघीला डॉक्टरांकडे गेलो. सलाईनच्या बाटल्या त्यांनी तारीख बघून ठेवून घेतल्या, कुणातरी गरजूला लावतो म्हणाले. गोळ्यांची फाटलेली पट्टी नको म्हणाले, आणि कुणाला परस्पर देऊही नका. पथ्याच्या खाण्याचं विचारलं. आमच्या गल्लीत दोन कुत्र्या व्यायल्यात, पिल्लांना घालतो, असं मी ठरवूनच गेलो होतो.

"पिल्लांना हे अजिबात नको," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. किडनी थकली की रक्तात फॉस्फरस साठतो, म्हणून या खाण्यात फॉस्फरस कमी ठेवलेला, प्रथिनंही मोजून-मापून. म्हाताऱ्या आजारी कुत्र्याचे त्यानं दिवस वाढतात. पण पिल्लाची हाडं आणि अंग भरायला नेमकं तेच लागतं. पाजणाऱ्या कुत्रीलाही तेच लागतं. एखादा दिवस पोटात गेलं तर काही होत नाही, पण पाच किलो महिनाभर घातले तर उपासमारच की, पोट भरलेलं असूनही. मांजरांचं विचारलं. कुत्र्याच्या खाण्यावर मांजर जगत नाही, म्हणाले. मांजराला टॉरिन अन्नातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय जातं.

हजार रुपये किलोच्या आसपास पडलेली वस्तू, आणि फुकट द्यायची म्हटली तर घेणारं तोंड नाही. आमच्याकडे अशा मालाला नॉन-मूव्हिंग म्हणतात. एकाच मॉडेलला बसणारा पार्ट, आणि मॉडेल बंद झालेलं.

डॉक्टर म्हणाले, "हे किडनीच्याच पेशंटला द्या. माझ्याकडे आहेत चार-पाच. विचारून सांगतो. पण उघडल्यापासून सहा आठवड्यांच्या आत संपायला हवं, हे लक्षात ठेवा."

24 ऑक्टोबरपासून सहा आठवडे म्हणजे 5 डिसेंबर. पिशवीवर मार्करनं लिहून ठेवलं.

शुक्रवार, 7 नोव्हेंबर

परतीच्या बसमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बातमी. शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हलवा, नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात ठेवा, पुन्हा त्याच जागी सोडू नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. अर्धी बस 'बरं झालं' म्हणत होती. पुढच्या सीटवरचा एक पोरगा गप्प होता. त्याला दोन वर्षांपूर्वी पहाटे पहिल्या शिफ्टला जाताना चावलं होतं, पाच इंजेक्शनं घेतली होती. तो बोलला असता तर कदाचित मी गप्प बसलो असतो.

दहा किलोची सीलबंद पिशवी एसटी स्टँडवरच्या कुत्र्यांना घालायचा माझा विचार होता. तो तिथंच बसला.

खाली सोसायटीचे चेअरमन भेटले. त्यांच्या कानावर माझा बेत आधीच गेलेला. "माउली, एक विचारू? खायला घालाल तुम्ही, आणि उद्या कुणाच्या पोराच्या मागं लागली तर निस्तरायचं कुणी?"

प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, साहेब, 2023चे केंद्राचे नियम आहेत. सोसायटीनं किंवा नगरपालिकेनंच जागा ठरवून द्यायची. पोरं खेळतात तिथं नको, जिन्याशी नको, येण्याजाण्याच्या वाटेवर नको, आणि वेळही वर्दळीची नको. ऑगस्टात न्यायालयानंही ठरवून दिलेल्या जागीच घाला, रस्त्यावर नको, असंच सांगितलंय. जागा तुम्ही दाखवा, मी त्याबाहेर एक दाणा टाकणार नाही.

ते बघू म्हणाले. 'बघू' म्हणजे नाही, हे इथं सगळ्यांना कळतं. पण रात्री साडेनऊला बेल वाजली. चेअरमन दारात, टॉर्च घेऊन. मागच्या भिंतीशी, विजेच्या डीपीच्या पलीकडं एक कोपरा त्यांनी दाखवला. अट एकच, ज्यांचा कान कापलेलाय त्यांनाच. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला काप देतात, ती खूण. आमच्या गल्लीत अशी पाच आहेत. दोन व्यायलेल्या कुत्र्यांचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्यांना आधी नेऊन आणा. मग त्याही."

बुधवार, 12 नोव्हेंबर

कार्तिक वद्य अष्टमी. महाद्वारात हैबतबाबांच्या पायरीचं पूजन झालं, यात्रा सुरू. योगायोग असा की आजच कालभैरव जयंती, आणि भैरवाचं वाहन कुत्रा. समोरच्या काकू दर वर्षी या दिवशी कुत्र्यांना गुळपोळी घालतात. सकाळी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडची पिशवी आजच फोडा. दिवस चांगलाय."

मी नाही म्हटलं आणि त्यांना वाईट वाटलं. पण हिशोब साधा आहे. आजपासून आठ दिवस आळंदीतल्या एकाही कुत्र्याला भूक लागणार नाही. गल्लोगल्ली पंगती, धर्मशाळांच्या मागं पत्रावळ्यांचे ढीग, भाताची पातेली खरवडून टाकलेली. कुत्री खाऊन खाऊन उन्हात आडवी पडतात, दिंडी अंगावरून गेली तरी उठत नाहीत. त्यांचे हाल सुरू होतात यात्रा गेल्यावर. आठ दिवस पोटाला सवय लागलेली, आणि एका रात्रीत सगळं साफ. बुक्का त्याच दिवसांत सापडला होता.

सीलबंद मालाला मार्चपर्यंतची तारीख आहे. तो थांबू शकतो. उघडी पिशवी थांबू शकत नाही, आणि दिघीहून अजून फोन नाही.

मुलीनं आज पहिल्यांदा बुक्काचा विषय काढला. म्हणाली, बाबा, पेडिग्री ज्या कंपनीचं तिचाच चॉकलेटचा कारखाना आपल्या तालुक्यात खेड सिटीत आहे, माहितीय? आणि कुत्र्याला चॉकलेट म्हणजे विष. एकाच मालकाची दोन पाकिटं, चुकून अदलाबदल झाली तर जीव जाईल. मला हे ठाऊक नव्हतं. मार्स असं नाव पाकिटामागं बारीक अक्षरात सापडलं.

शनिवार, 15 नोव्हेंबर

एकादशी. पहाटेपासून टाळ-मृदंग. रस्त्यात पाऊल ठेवायला जागा नाही, गाड्या गावाबाहेरच अडवल्यात. मी देहूफाट्यापर्यंत चालत जाऊन बस पकडली.

रात्री आईनं नामदेवांची गोष्ट काढली. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, देवा, कोरडी खाऊ नका म्हणून. तेच नामदेव माउलींच्या समाधीच्या वेळी इथं होते, म्हणून आळंदीत ही गोष्ट घरची असल्यासारखी सांगतात. सांगून झाल्यावर आई हसली. "नामदेव वाटी घेऊन पळालं, तू पंधरा दिस पिशवी घिऊन पळतुयास. कुत्रं काय तुला घावंना."

बुक्काला तूप चालत नव्हतं. ते मी बोललो नाही.

सोमवार, 17 नोव्हेंबर

त्रयोदशी, समाधीचा दिवस. नामदास महाराजांचं कीर्तन, बाराला घंटानाद आणि फुलं. 1296 साली याच तिथीला माउली आत गेले. मी स्टोअरमध्ये होतो. बाराला रॅकपाशी दोन मिनिटं उभा राहिलो.

दुपारी दिघीहून फोन. मोशीची एक आजी, लॅब्राडोर, बारा वर्षांचा, किडनी. पेन्शनवर पथ्याचं खाणं परवडत नाही म्हणून निम्मं पथ्याचं, निम्मा दूध-भात चालू आहे. देणार का?

मंगळवार, 18 नोव्हेंबर

यात्रेमुळं गाडी गावात येत नाही. शिफ्टवरून आल्यावर पिशवी खांद्यावर टाकून देहूफाट्याला गेलो. आजींचा नातू दुचाकी घेऊन आला होता. ओली सहा पाकिटंही दिली, बॅच आणि तारीख वाचून दाखवली. 5 डिसेंबरची खूण दाखवली, ड्रममध्ये ओतू नकोस म्हणून सांगितलं. पोरगं 'हो काका, हो काका' म्हणत होतं. मग एकदम म्हणालं, "काका, आजीनं पैसे दिलेत थोडे."

मी नको म्हटलं. तो ऐकेना, आजी रागावेल म्हणाला. शेवटी शंभर रुपये घेतले आणि परतताना महाद्वाराजवळ आईसाठी तुळशीची माळ घेतली. पावती कुणी देत नाही तिथं, नाहीतर चिकटवली असती.

खांदा मोकळा झाला आणि उगाच चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्ट न घेता जिन्यानं गेलो.

शनिवार, 22 नोव्हेंबर

यात्रा पांगली. रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल, सफाई कामगार तीन दिवस झटतायत. मोकळं झालेलं गाव आणि त्यात फिरणारी, वास घेणारी कुत्री.

रात्री दहाला पहिल्यांदा दहा किलोची पिशवी फोडली. दाणे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवले. उपाशी कुत्रं कोरडे गिळतं आणि मग ठसकतं. डीपीच्या मागं पाच पत्रावळ्या, एकमेकींपासून चांगल्या लांब, नाहीतर भांडणं होतात. पहिल्या रात्री तिघंच आली. एकानं वास घेऊन माझ्याकडं बघितलं, हे काय नवीन, अशा थाटात. त्याला पत्रावळीवरचा भात हवा होता. दुसऱ्यानं दोन्ही खाल्लं. पाणी ठेवायला विसरलो, वर जाऊन तांब्या आणला. खाऊन झाल्यावर पत्रावळ्या उचलल्या, जागा धुतली. चेअरमन गॅलरीतून बघत होते. काही बोलले नाहीत. मग टॉर्चचा उजेड पाडला, मला जिना दिसावा म्हणून.

व्यायलेल्या दोघींची पिल्लं अजून पिती आहेत. ती सुटली की पुढच्या महिन्यात दोघींना नसबंदीला न्यायचं कबूल केलंय. पिशवी तोपर्यंत पुरवायची तर रोज साडेतीनशे ग्रॅमच्या वर काढता येणार नाही.

आई जागी होती. चघळायच्या काड्यांचा अर्धा पुडा तिनं स्वतःकडं ठेवलाय, खिडकीतल्या डब्यात. का, ते विचारलं नाही.

आत्ताच मोशीच्या नातवाचा फोन आला. लॅब्राडोर पहिले दोन दिवस कोरडं खात नव्हता, आता भिजवून दिलं की खातो. रोजचं माप तीनशे ग्रॅम. 5 किलो 100 म्हणजे सतरा दिवस. 18 तारखेपासून मोजलं तर 4 डिसेंबरला पिशवी संपते.